दंड भरू, पण पावती वाचता आली पाहिजे

वाहतुकीच्या दंडाची पावती हा कागद लहान असतो. पण सामान्य माणसाशी सरकारचा जो काही लेखी व्यवहार होतो, त्यात हा कागद वरच्या क्रमांकाचा आहे. सातबाऱ्यासाठी शेतकरी वर्षातून एकदा कचेरीत जातो, रेशनकार्डात दुरुस्ती पाच-दहा वर्षांतून एकदा निघते. गाडी मात्र रोज रस्त्यावर असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत दुधाचे टेम्पो, भाजीचे टेम्पो, रिक्षा, दुचाक्या चालवणारी हजारो माणसे मराठी बोलतात आणि मराठीच वाचतात. त्यांच्या हातात पडणारी पावती कन्नडमध्ये असते आणि मोबाइलवर येणारा संदेश इंग्रजीत. दंड कशाचा, किती, कुठे भरायचा आणि तो मान्य नसेल तर काय करायचे, या चार गोष्टी ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्यालाच कळत नाहीत.

या प्रश्नावर आपल्याकडे बोलले खूप जाते, पण अर्धेच. पावती मराठीत हवी, हे ठणकावून सांगितले जाते. वेग मर्यादेत हवा, हे त्याच सभेत कोणी म्हणत नाही. दोन्ही एकत्र म्हटल्याशिवाय पहिल्या मागणीला वजन येणार नाही, असे माझे मत आहे. म्हणून आधी कडू भाग घेतो.

गेल्या काही वर्षांत तरुण मुलांच्या तोंडी एक वाक्य बसले आहे : ‘फलक कन्नडमध्ये होता, मला कळला नाही.’ हेल्मेट नसले तरी हेच, सिग्नल तोडला तरी हेच, आणि वेगासाठी तर हे ठरलेलेच. लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लिहिलेला चाळीसचा आकडा कन्नड नाही. तो कोल्हापुरात तसाच असतो, पणजीत तसाच असतो, हैदराबादेतही तसाच. वेगमर्यादेचे चिन्ह मुद्दामच असे ठरवलेले आहे, की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते कळावे. ज्याला मोबाइलवरचे सगळे आकडे कळतात त्याला तेवढा एक आकडा कळत नाही, हे कोणालाही पटणार नाही. आणि अशा सबबीमुळे खरी तक्रारही खोटी वाटू लागते. भाषा ही आपली मागणी आहे, ढाल नाही.

मी ज्या शाळेत शिकवतो ती रस्त्याला लागून आहे. सुटीची घंटा झाली की आम्ही दोघे शिक्षक रस्त्याच्या कडेला उभे राहतो, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मुलांना पाच-सहाच्या गटाने पलीकडे सोडतो. भरधाव येणाऱ्या गाडीच्या मागच्या पट्टीवर मराठी घोषणा रंगवलेली आहे की कन्नड, याने त्या वेळी काहीही फरक पडत नाही.

आता कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलचे त्याचे कलम १८३. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता, त्यामुळे कोणी फारशी फिकीर करत नसे. १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती लागू झाली आणि हलक्या वाहनासाठी हाच दंड एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनासाठी दोन ते चार हजार झाला. कर्नाटकाने त्याच महिन्यात काही दंड खाली आणले, तरी रोजंदारीवरच्या चालकाला हजार रुपये म्हणजे दीड-दोन दिवसांची कमाई. कर्नाटक पोलिसांनी २०२४ च्या ऑगस्टपासून ताशी १३० किलोमीटरच्या वर गाडी नेणाऱ्यावर थेट गुन्हा नोंदवण्याचे जाहीर केले. दंड चारशेचा होता तोवर पावती न वाचता खिशात कोंबणे परवडत होते. आता परवडत नाही.

त्याच कलम १८३ मध्ये एक तरतूद चालकाच्या बाजूची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या साक्षीदाराला नुसते ‘वाटले’ की गाडी जोरात होती, तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही. त्याचा अंदाज एखाद्या यांत्रिक किंवा विद्युत उपकरणाच्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. म्हणजे स्पीडगनवर किती आकडा आला, हे शांतपणे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. पण हे विचारायचे कोणी? ज्याला पावतीवरचा मजकूरच वाचता येत नाही, तो मोजणीचा आकडा कुठे शोधणार?

माझा एक जुना विद्यार्थी भाजीचा टेम्पो चालवतो. बेळगावच्या बाजारातून माल भरायचा आणि चोर्ला घाटाने रात्रीत गोव्यात पोचवायचा, असा त्याचा धंदा. एका संध्याकाळी तो कागदांची पिशवी घेऊन घरी आला. टेम्पोच्या कागदपत्रांचे काम अडले होते आणि कारण त्याला उमगत नव्हते. पिशवीत एक चतकोर कागद होता, घडी पडून मधोमध फाटत आलेला. ‘सर, ही पावती आहे, पैसे भरल्याची,’ तो म्हणाला. मी कन्नड वाचतो. ती पावती नव्हती. वेगाच्या गुन्ह्याची नोटीस होती, खाली न्यायालयात हजर राहण्याची तारीख होती आणि ती तारीख उलटून सात महिने झाले होते. कागदाच्या तळाशी त्याची मराठीतली सही होती, मी शाळेत वळण लावलेल्या अक्षरातली. कागद देणाऱ्याने काय सांगितले, असे मी विचारले. ‘काहीतरी सांगितलं सर, मी हो हो म्हटलं.’

रात्री रस्त्याच्या कडेला अडवलेला माणूस समजले नाही तरी मान हलवतो. मागे माल सडत असतो, पुढे घाट असतो, समोर गणवेश असतो. त्या ‘हो हो’ला संमती म्हणणे सोपे आहे. पण ज्याला कागद कळला नाही त्याने त्यावर केलेली सही कशाची? एवढेच कळते की तो तिथे उभा होता. त्याला दंड झाला याबद्दल माझी तक्रार नाही. गाडी जोरात होती हे त्याने स्वतःच कबूल केले. माझी तक्रार आहे ती त्या सात महिन्यांबद्दल. तारीख कळली असती तर तो गेला असता, पैसे भरून मोकळा झाला असता. साध्या दंडाची कोर्टकचेरी झाली ती गुन्ह्यामुळे नव्हे, न वाचता आलेल्या ओळीमुळे.

इथे कोणी म्हणेल, राज्याची राजभाषा कन्नड आहे, कागद कन्नडमध्येच निघणार. निघू दे. कन्नड काढून टाका असे कोण म्हणतो? खाली मराठीत चार ओळी छापा, एवढेच मागणे आहे आणि ते नवे नाही. १९५६ साली राज्य पुनर्रचनेच्या वेळी केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात पंधरा ते वीस टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेतही पंधरा टक्क्यांच्या वरच आहे. हजार-दोन हजार रुपये मागणारी आणि न्यायालयात बोलावणारी नोटीस ‘महत्त्वाची’ नसेल, तर महत्त्वाची तरी कशाला म्हणायचे?

न्यायालयांनी या बाबतीत पूर्वीच दिशा दाखवलेली आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या खटल्यात फक्त हिंदी जाणणाऱ्या माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. तोंडी भाषांतर करून सांगितले, हे सर्वोच्च न्यायालयाने पुरेसे मानले नाही. त्याला कळणाऱ्या भाषेत आणि लिपीत ती द्यायला हवी होती, असे म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अटकेची कारणेही अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असा निकाल दिला. दंडाची पावती म्हणजे अटक नव्हे, आणि हे निकाल जसेच्या तसे पावतीला लागू होतात असा दावा मी करणार नाही. तो वकिलांचा प्रांत. पण ‘कळवले’ या शब्दाचा अर्थ ‘कळले’ असा व्हायला हवा, हे तत्त्व लहान कागदाला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

आता माझ्या काही सहकाऱ्यांना न आवडणारी गोष्ट सांगतो. मराठी चालकाने कन्नड लिपी वाचायला शिकावे. समितीच्या बैठकीत हे बोललो तेव्हा एक ज्येष्ठ सभासद चिडून म्हणाले, ‘मास्तर, मग मागणी तरी कशाला करायची?’ त्यांच्या रागाचे कारण मला कळते. ज्यांनी शाळांसाठी आणि पाट्यांसाठी आयुष्य घालवले, त्यांना ही माघार वाटते. पण वाचता येणे आणि शरण जाणे यांत फरक आहे. मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोवर रोज रात्री टेम्पो घाट चढतोच आहे. सीमेचा दावाही २००४ पासून न्यायालयात आहे, म्हणून गाड्या थांबलेल्या नाहीत.

शिवाय हे काम लोक समजतात तेवढे अवघड नाही. पावतीवरचे शब्दच पाहा. कन्नडमध्ये दंडाला दंडच म्हणतात. वेगाला वेग, वाहनाला वाहन, चालकाला चालक, दिनांकाला दिनांक, न्यायालयाला न्यायालय. नोंदणी म्हणजे नोंदणी, सही म्हणजे सही, परवानगी म्हणजे परवाना. विम्याला विमे, ठाण्याला ठाणे, रस्त्याला रस्ते, पावतीला रशीदी. कागदावरचे निम्मे शब्द आपल्याच घरातले आहेत, फक्त दुसऱ्या वेषात उभे आहेत. लिपी ओळखता आली की मराठी माणसाला पावतीचा गाभा शब्दकोश न उघडता कळतो. महामार्गांवर ‘अति वेग, तिथी बेग’ अशी एक पाटी असते. ‘बेग’ म्हणजे लवकर, आणि तिथी म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने घरात घातली जाते ती. जोरात जाल तर तुमची तिथी लवकर येईल! ही पाटी ज्याला वाचता येते, त्याला हसूही येते आणि त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सैल होतो. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर अक्षरे बसतात, हे मी प्रौढांच्या वर्गात पाहिले आहे.

रस्त्यावर वागायचे कसे, हेही बोलले पाहिजे. ‘गाडी साइडिगे हाकरी’ असे म्हणणारा हवालदार भांडायला आलेला नसतो. त्यातला ‘री’ आदराचा आहे. इकडचा कन्नड माणूस वडिलांशीही तसाच बोलतो. त्याला मराठीत उत्तर द्यावे, नमस्कार करून द्यावे. आपल्या भागातल्या पुष्कळ पोलिसांना मराठी कळते आणि बोलताही येते. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने परवाना मागितला तर दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. डिजिलॉकरमधली प्रत चालते. परवाना जप्त केला तर त्याची पोच मागून घ्यावी. पैसे दिले तर पावती घ्यावी, आणि पावती नसेल तर पैसे देऊ नयेत. ‘जाऊ दे, शंभरात मिटलं’ असे म्हणून जो पुढे जातो, तो दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या सगळ्यांचा दर ठरवून जातो.

भाषेचा वाद मात्र रस्त्याच्या कडेला घालू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसवाहकाला झालेल्या मारहाणीचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. तिकिटावरून आणि भाषेवरून सुरू झालेली बोलाचाली दोन राज्यांची बससेवा बंद पडण्यापर्यंत गेली. हाल झाले ते दवाखान्याला निघालेल्यांचे आणि परीक्षेच्या मुलांचे. त्यांत मराठीही होते, कन्नडही होते. तक्रार लेखी करावी, दुसऱ्या दिवशी करावी आणि मराठीत करावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज घेत नाही असे कोणी म्हटले तर या अनुच्छेदाचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावा. आवाज चढवण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

हवालदार निदान समोर असतो, त्याला काही विचारता येते. कॅमेऱ्याला कोण विचारणार? २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. महामार्गांवरच्या जोखमीच्या पट्ट्यांत वेग टिपणारी यंत्रे बसवावीत, पुढे यंत्राची नजर आहे असा इशाऱ्याचा फलक आधी लावावा, आणि छायाचित्र, मोजलेला वेग, ठिकाण व वेळ यांसह नोटीस पाठवावी, असे त्यात आले. हा फलक नुसत्या चिन्हाचा नसतो, शब्दांचा असतो. तिथे मराठी मागण्याला पूर्ण अर्थ आहे. नोटीस जाते ती नोंदणीत लिहिलेल्या मालकाच्या मोबाइलवर. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या तोंडी व्यवहाराने हात बदलतात. निपाणीच्या माणसाची गाडी चंदगडचा माणूस चालवतो आणि दंडाचे संदेश निपाणीला येत राहतात. गाडी विकली की नोंदणी कार्यालयात मुदतीत कळवून मालकी बदलून घेणे, हे विकणाऱ्याच्याच हिताचे आहे.

याच न वाचलेल्या इंग्रजीचा फायदा आता चोरही घेऊ लागले आहेत. दंडाच्या नोटिशीच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. ती उघडली की मोबाइलचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि बँकेतले पैसे नाहीसे होतात. अशी फाइल उघडू नये. दंड आहे की नाही हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते, आणि त्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते. खरी नोटीस कशी असते हे ज्याला मराठीत कधीच दिसलेले नाही, त्याला खोटी कशी ओळखू येणार?

टेम्पोमालकांनाही दोन शब्द. पहाटे पाचला म्हापशाला माल पोचला नाही तर भाडे कापणार, असे सांगून चालकाला घाटात सोडायचे आणि दंड आला की तो त्याच्याच पगारातून वळता करायचा, हा रिवाज बंद झाला पाहिजे. हाताखालच्या माणसाला वेग ओलांडायला लावणाराही कायद्याने दोषी आहे. वेगमर्यादा पाळून जे अंतर त्या वेळात कापता येणे शक्यच नाही, ते अमुक वेळात काप असे सांगणे हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. ही तरतूद १९८८ पासून कायद्यात आहे. मालक मराठी आणि चालकही मराठी, मग इथे भाषेचा अडसर कोणता?

आणखी एक गोष्ट मनात धरून मागणी केली पाहिजे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारे, कन्नड शाळांत शिकलेले चालक आहेत. त्यांना महाराष्ट्राच्या पोलिसांकडून मिळणारा कागद कोणत्या भाषेत असतो? १९६१ चा निर्णय एका राज्यापुरता झालेला नाही. जे आपण बेळगावात मागतो ते अक्कलकोटच्या कन्नड चालकाला मिळावे, असे आपणच म्हटले तर आपल्या मागणीला कोणी द्वेषाची म्हणू शकणार नाही. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा राहिली. तिथल्या मराठी वाचकांनी ती मुभा दंडाच्या कागदापर्यंत नेली तर आम्हालाही बळ मिळेल.

कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर पन्नास टक्के सवलत दिली, २०२५ मध्ये पुन्हा दिली. वेळेवर भरणारा मूर्ख ठरावा अशी ही पद्धत मला पसंत नाही. पण दिलीच, तर ती सर्वांना कळावी. आमच्या गल्लीत पहिल्या वेळची बातमी पोचली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते.

जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलीस प्रमुख यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा आता तयार आहे. त्यात मागण्या तीनच आहेत : पावती व नोटिशीवर कन्नडखाली मराठी मजकूर, इशाऱ्याच्या फलकावर मराठी ओळ, आणि न्यायालयाची तारीख असेल तर ती वेगळ्या चौकटीत ठळक आकड्यांत. अर्ज मराठीत आहे, सोबत कन्नड भाषांतर जोडले आहे. ते आमच्याच शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी करून दिले आणि दोन ठिकाणी मूळ मराठीच सुधारली. सह्यांसाठी तो शाळेत ठेवला आहे. सही करणाऱ्याने नावापुढे आपल्या गाडीचा क्रमांक लिहायचा आहे. तेव्हा ज्यांच्या गाडीवर जुना दंड थकलेला असेल, त्यांनी तो आधी भरून मग यावे.